हेळव्यानं गाळलेली ओळ

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. गोळ्यांना भ्यालो नाही, उंटांना भ्यालो नाही, तिथल्या अळणी डाळीलासुद्धा भ्यालो नाही, असं ते स्वतःच सांगायचे. पण घरात एका माणसाचा विषय निघाला की हा गडी उठून गोठ्यात जायचा. ते माणूस म्हणजे त्यांची स्वतःची आई, माझी पणजी. आणि ती तर मरूनही तीस वर्षं होऊन गेली असतील.

पणजीबद्दल घरात एवढंच ठाऊक होतं: प्लेगात नवरा गेला आणि चार वर्षांच्या पोराला टाकून ती दुसऱ्याच्या घरात नांदायला गेली. संपलं. पितृपक्षात सगळ्यांची पानं वाढली जायची, तिचं नाही. बैल लंगडला, उसाला आग लागली, कुणाचं मूल दगावलं, की आबा आपले गोठ्यात बसून पुटपुटायचे, “तळतळाट हाय, दुसरं काय.” कुणाचा, असं विचारायची कुणाची टाप नव्हती.

माझी होती. म्हणजे मला तसं वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. मी कऱ्हाडला कॉलेजात जात होते. आमचं गाव मलकापूरच्या पुढं, सायकलनं अर्ध्या तासावर. मुलीनं सायकल चालवणं हाच गावाला पुरेसा विषय होता, त्यात मी इतिहास घेतलेला. आमच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घराण्याच्या सात पिढ्या लिहून आणा. मी वडिलांना विचारून तासाभरात सात पुरुष लिहून काढले. मग बायका लिहायला घेतल्या. आई. आजी. पुढं कागद कोरा. सात बाप आणि दोनच आया! बाकीचे काय उसाच्या कांड्याला फुटले होते? मी असं मोठ्यानं म्हणाले तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. पण दोन दिवसांनी तीच मला हळूच म्हणाली, “सुगी झाली की हेळवी येईल. त्याच्या वहीत असंल.”

हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ सांगणारा. आमचा हेळवी सांगलीकडचा, जतच्या बाजूचा. तीन-चार वर्षांनी एकदा बैलावर बसून यायचा. बैलाच्या गळ्यात घंटा, पाठीवर झूल, आणि खोगिरात लाल फडक्यात गुंडाळलेली वही. ती त्याच्या बापाची, आज्याची, खापरपणज्याची. त्याची जी घरं ठरलेली, त्या घरांचे जन्म, लग्नं, मृत्यू तो लिहून घ्यायचा आणि जुनं वाचून दाखवायचा. घरातला माणूस मग त्याला जोंधळे, एखादं भांडं, अगदी आनंदाचं कारण असलं तर गाय-वासरूही द्यायचा, आणि काय दिलं, कशासाठी दिलं, तेही तो त्याच वहीत लिहायचा. ह्या लिहिण्याला महत्त्व आहे, म्हणून सांगून ठेवते.

तो आला तेव्हा मी परसात भांडी घासत होते. घंटा ऐकली आणि राखेच्या हातानंच पुढं पळाले.

अंगणात घोंगडं अंथरलं. आबा खाटेवर बसले, हेळवी मांडी घालून. साठीचा असेल, मराठी बोलताना मधेच कानडी हेल काढायचा. वही मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नव्हती, पण ओळी मोजता येत होत्या. तो एकेका ओळीवर बोट ठेवून सुरात वाचत होता. कोण कुठून आला, कुणाला किती मुलं, कुठली लेक कुठल्या गावी दिली. बोट पणजोबांवर आलं. मग ते बोट एक ओळ ओलांडून आबांवर गेलं.

“काका, मधली ओळ राहिली की,” मी म्हणाले.

हेळव्यानं आबांकडं पाहिलं. आबा मिशीवरून हात फिरवत लांब चिंचेकडं बघत होते.

“वाळवी लागलीया तितं, ताई.”

“कुठाय वाळवी? कागद चांगला धडधाकट आहे.”

“पोरी,” आबा म्हणाले, “चा ठेव जा.” बैलाला थांबवायच्या आवाजात म्हणाले. मी चहा ठेवला, पण त्यात साखर घालायची मुद्दाम विसरले. दोघांनीही गुपचूप पिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेळवी गावाबाहेरच्या देवळाजवळ उतरला होता तिथं मी गेले. जाताना आईनं न विचारता दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला, म्हणजे तीही कटात सामील होती. हेळवी बैलाला पाणी पाजत होता. मला बघून हसला.

“आलीस व्हय? मला वाटलंच.”

“ती ओळ वाचा.”

“न्हाई बा. तुझा आज्जा लढाईवरनं आला तवा माझ्या बापाला म्हणला, त्या बाईची ओळ माझ्या दारात वाचायची न्हाई. वाचलीस तर पुन्यांदा दारात पाय ठेवायचा न्हाई. बापानं शबूद दिला. त्यो मी पाळतूय.”

मी रडकुंडीला आले. खरंच आले. एवढी सायकल दामटत येऊन हे ऐकायचं! हेळव्यानं एक भाकरी मोडली, ठेच्याला लावली, सावकाश चावली. मग इकडंतिकडं बघत म्हणाला, “पर हितं कुणाचं दार हाय का? मला तर दिसत न्हाई.” आणि लाल फडकं सोडायला लागला.

ओळ अगदी साधी होती. पणजोबांची घरवाली वडूजच्या पुढच्या अमुक गावची. नवरा प्लेगात माळावरच्या खोपटात वारला. भावांनी नेऊन तिचा त्याच भागात पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. एक लेक मागं.

“पाट लावला म्हणजे पोराला का नाही नेलं?”

“आगं, पोर बापाच्या घरचं असतंय. पाट लागला की बाई एकटीच जाती, पोर न्यायचं न्हाई. सगळीकडं अशीच रीत. तुझ्या आज्याच्या चुलत्यानं पोराला घट्ट धरून ठेवलंवतं, असं माझा बाप सांगायचा.”

म्हणजे टाकून गेली नव्हती. तिला नेलं होतं आणि ह्याला ठेवून घेतलं होतं! सतरा-अठरा वर्षांची असेल ती, माझ्याहून लहान. मी तिथं देवळाच्या पायरीवर बसून सगळ्या पुरुषजातीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. हेळवी थांबला. माझं झाल्यावर त्यानं पानं उलटली आणि दुसऱ्याच घराची वंशावळ काढली. तिचं दुसरं घर. तेही त्याच्याकडंच होतं.

“ही माणसांची नावं सोड. दिलेलं वाचतो, ते ऐक.” त्यानं बोट ठेवलं. “पितळी परात. लेक लढाईवरनं सुखरूप आला म्हणून.”

“त्या घरातलं लढाईला कोण गेलं होतं?”

“कुणीबी न्हाई.” बोट खाली सरकलं. “एक तांब्या. कृष्णाकाठी नातू झाला म्हणून.” तो नातू म्हणजे माझे वडील. त्या घराला कृष्णाकाठी दुसरं कुणी नव्हतं. “चार पायली बाजरी. लेकाची थोरली पोर दगावली, त्याला बळ मिळावं म्हणून.”

“हे सगळं तिला कोण सांगायचं?”

“माझा बाप. हितनं तितं जायचा. ती वाटंला बसलेली असायची. काय खातूय, कुणावर गेलाय, खोकला बरा हाय का, सगळं इचारायची. तिकडनं हिकडं मातूर काय आणायचं न्हाई, शबूद होता.”

मला एवढं भरून आलं की मी त्या बैलाच्याच गळ्यात पडले. बैलानं मान हलवली आणि घंटा वाजली.

घरी येऊन आबांना सगळं एका दमात सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा विरघळेल. कसचं काय! त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “झाकलेलं ऱ्हाऊ दे,” म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मीही त्यांचीच नात. तिसऱ्या दिवशी कऱ्हाडहून वडूजची एस.टी. पकडली.

तिकडची जमीन मी पहिल्यांदा बघत होते. आमच्याकडं डोळे मिटून काठी रोवली तरी ऊस येतो, इथं नुसता माळ आणि मधेच बाजरीची धसकटं. वडूजला उतरून तीन कोस चालले. हेळव्यानं सांगितलेल्या गावात त्या घराचं विचारलं तर एका दाराकडं बोट दाखवलं. दारात सत्तरीची एक म्हातारी सूप घेऊन बाजरी पाखडत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनं डोळ्यांवर हात धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सायकलवर कालेजात जाती ती तूच व्हय गं?”

मी थक्कच झाले. ती माझ्या पणजीची दुसऱ्या घरची लेक, आबांची बहीण. आई गेल्यावर हेळव्याला विचारायचं काम तिनं चालू ठेवलं होतं, आणि हेळवी आदल्याच दिवशी तिथून गेला होता. माझा मॅट्रिकचा नंबरसुद्धा तिला ठाऊक होता, आणि तो काही फारसा सांगण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी त्या आजीनं मला पणजी सांगितली. ठेंगणी, तोंडानं फटकळ, चालायची मात्र पुरुषांच्या पुढं. दुसरा नवरा गरीब स्वभावाचा होता, त्यानं तिला कधी हटकलं नाही. तिनं माळावर विहीर पाडायला लावली, स्वतः दोरावर उतरून माती काढली, पाणी लागलं तेव्हा सगळ्या आळीला पुरणपोळी घातली. चार मुलं झाली, दोन जगली. बाजारात गूळ घेताना ती दुकानदाराला छळायची: कऱ्हाडकडचा असला तरच घेणार. ढेप फोडून पहिला खडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, “माझ्या लेकाच्या गुऱ्हाळाचा असंल ह्यो.” गूळ कडू निघाला तरी म्हणायची.

“ती कधी भेटायला आली नाही आबांना?”

“आली की. दोनदा. पयल्या बारीला चुलतीनं वेशीवरनंच लावून दिली. दुसऱ्या बारीला शेतात आलीवती, बांधावर हुभी ऱ्हायली.” आजीनं सूप खाली ठेवलं. “त्या दिवशी काय झालं, ते मी तुला न्हाई सांगायची. त्याला सांगायचं ठेवलंया. घिऊन ये त्याला.”

मी परत आले तेव्हा आबा ओट्यावर वाट बघत होते. रागावतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांनी फक्त विचारलं, “काय म्हणाली?” मी विहिरीचं सांगितलं, गुळाचं सांगितलं. गुळाचं त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “आन बांधावरचं?”

“ते तुम्हांलाच सांगणार म्हणाली.”

 आबा गोठ्यात जायला उठले, आणि पहिल्यांदाच अर्ध्या वाटेवरून परत येऊन बसले.

“मी नऊ वरसांचा हुतो,” ते म्हणाले. “चुलतीसंगं भुईमुगात. बांधावर एक बाई येऊन हुभी ऱ्हायली. चुलती म्हणाली, पोरं पळवणारी हाय ती, हाण. मी ढेकूळ उचललं आन हाणलं. बरूबर कपाळावर. रगात आलं.” त्यांनी तळहात धोतराला पुसला. “मला ठावं हुतं ती कोण हाय.”

“कसं?”

“दुसरी कुठली बाई असती तर शिव्या देत अंगावर आली असती. ही नुस्ती बघत हुभी. पदर लावला कपाळाला, आन तरीबी बघतच हुती. मग गेली. पुन्यांदा आली न्हाई.” त्यांनी माझा हात धरला, जोरात. “थोरली पोर गेली तवाच मी समजलो. आईचा तळतळाट हाय. ती मला शिव्या देत मेली असंल. ती ओळ वाचली की कपाळावरचं रगात दिसतंय मला. म्हणून गाळ म्हणलो.”

मी सगळीकडं बोंबलत फिरत होते की म्हाताऱ्याला राग आहे, राग आहे. राग कुठला! भय होतं. पासष्ट-सत्तर वर्षं छातीवर घेऊन बसलेलं. माझी मलाच इतकी लाज वाटली की त्या बिनसाखरेच्या चहाचीसुद्धा माफी मागितली. “ती म्हातारी काय सांगंल?” त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. खोटं सांगावं असं मनात आलं, पण जमलं नाही. “चला आणि ऐका,” म्हणाले.

चार दिवस त्यांनी काढले. पाचव्या दिवशी पहाटे उठून बसले, जुना पलटणीचा कोट चढवला, डोक्याला फेटा, आणि आमच्याच गुऱ्हाळाची गुळाची एक ढेप फडक्यात बांधून घेतली. एस.टी.त कंडक्टर म्हणाला, आबा, टपावर टाकतो. तर नाही. वडूजपर्यंत ती ढेप मांडीवर. पुढं बैलगाडी मिळाली, गाडीतही मांडीवर. 

आजी दारातच होती. आबांना बघून ती उठली, पण पुढं आली नाही. दोघं एकमेकांकडं बघत उभी. मग तीच म्हणाली, “दादा, लय वाट बघाय लावलीस रं.”

आबांनी ढेप तिच्या हातात दिली. बसायला घोंगडं टाकलं होतं, बसले नाहीत. “आदी सांग,” म्हणाले. “काय शिव्या दिल्या असतील त्या सांग. समद्या सांग.”

“त्या दिवशीचं इचारतोस? ढेकळाचं?”

आबांनी मान हलवली.

“मी मांडीवर हुते तवा, पर आईनं इतक्या बाऱ्या सांगितलंया की मला तोंडपाठ हाय. कपाळाला हळद दाबून घरला आली. बा घाबरला, म्हणला, काय झालं गं? तर ही हसतीया! म्हणली, ‘माझ्या लेकाचा नेम बघा की वो! चाळीस पावलांवरनं, एका ढेकळात! ह्यो पलटणीत जातूय का न्हाई, बघा तुमी.’ आन मग तू खरंच गेलास. हेळव्यानं सांगितलं तवा ही बया सगळ्या गावाला कपाळ दाखवत फिरली. म्हणलं न्हवतं का मी, म्हणलं न्हवतं का!”

आबा एक पाऊल पुढं आले. “शाप न्हाई दिला?”

“शाप कसला रं येड्या! हितं खूण हुती.” आजीनं डाव्या भुवईच्या वर बोट टेकवलं. “रोज कुंकू लावताना एक बोट त्या खुणंला लावायची. आमी हसायचो. म्हणायची, माझ्या लेकानं दिलेलं एवढंच हाय माज्यापाशी.”

आबा मटकन घोंगड्यावर बसले आणि रडले. तोंड झाकून नाही, आवाज दाबून नाही, पोरासारखे हुंदके देऊन. आजीनं ढेप फोडली, पहिला खडा त्यांच्या तोंडात कोंबला, दुसरा स्वतःच्या, तिसरा माझ्या. मीही रडतच होते, त्यामुळं गूळ खारट लागला. संध्याकाळपर्यंत ते दोघं भांडायला लागले होते: विहीर कुणी आणि कशी पाडली, कडू गूळ आमच्या गुऱ्हाळाचा असूच शकत नाही, वगैरे. आजी ऐकायला तयार नव्हती.

पुढच्या पितृपक्षात आमच्या घरात एक पान जास्त वाढलं. आईनं त्यावर गुळाचा खडा ठेवला. आणि सरांना दाखवायला तीन बायका झाल्या. सर म्हणाले, कमी आहेत. मी म्हणाले, शोधून बघा म्हणजे कळेल.

हेळवी पुढं तीन वर्षांनी आला. आबा आता काठी घेऊन चालायचे, पण अंगणात घोंगडं त्यांनीच अंथरलं. वाचन सुरू झालं. पणजोबांवर बोट आलं, आणि सवयीनं पुढं सरकलं.

“थांब,” आबा म्हणाले. “मधली वाच.”

“मालक, दारात वाचायची न्हाई म्हणून शबूद...”

“मीच घेतलावता, मीच सोडतो. मोट्यांदी वाच. गल्लीला ऐकू जाऊंदे.”

हेळव्यानं उठून उभं राहून वाचली. शेजारच्या बायका दारात आल्या. वाचून झाल्यावर आबांनी गोठ्यातली तांबडी कालवड सोडून आणली आणि दावं त्याच्या हातात दिलं. हेळवी गोंधळला. “काय झालं घरात? बारसं? लगीन? कशाबद्दल लिवू?”

“आई गावली म्हणून लिव.”

“मालक, असलं वहीत लिवत न्हाईत.”

“तुझ्या बापानं परात लिवली का न्हाई? मग लिव गुमान.”

हेळव्यानं पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि ह्या खेपेला मोडीत नाही, मला वाचता येईल अशा अक्षरात त्यानं लिहिलं: एक कालवड. आई गावली म्हणून.